प्रतिकारक वाण पेरूनही सोयाबीन दरवर्षी पिवळं पडतंय? नेमकं कुठं चुकतंय ते असं शोधा

तक्रार दोन प्रकारची असते. पहिली: पिवळ्या मोझॅकला प्रतिकारक म्हणून वाण घेतला, पस्तिसाव्या-चाळिसाव्या दिवशी तासातली झाडं हळद फासल्यासारखी झाली, पुढच्या वर्षी वाण बदलला आणि पुन्हा तेच घडलं. दुसरी तक्रार उलटी: रोग आलाच नाही, रान शेवटपर्यंत हिरवंगार राहिलं, तरी एकरी उतारा शेजारच्या जुन्या जेएस ३३५ वाणापेक्षा कमीच आला.

दोन्हीकडे एकच गोष्ट तपासायची आहे. वाणातलं प्रतिकारशक्तीचं जनुक उतारा वाढवत नाही, रोगानं जो जाणार होता तो वाचवतं. ज्या रोगाचं जनुक आहे तो रोग तुमच्या शिवारात येत नसेल तर वाचवण्यासारखं काही नसतं. आणि येणारा रोग दुसराच असेल तर ते जनुक असून नसल्यासारखं. म्हणून आधी रोग ओळखा, मग वाणाकडे बोट दाखवा.

पिवळं दिसलं म्हणजे मोझॅक नव्हे

हळद्या, केवडा, मोझॅक ही नावं गावोगाव कुठल्याही पिवळ्या पानाला दिली जातात. चार वेगळी कारणं लांबून सारखीच दिसतात, म्हणून झाड हातात घेऊनच बघा.

मोझॅक हा पांढऱ्या माशीतून पसरणारा विषाणूजन्य रोग. त्यात पानावर गडद पिवळे आणि हिरवे ठिगळ एकमेकांत मिसळलेले असतात, त्यांना सरळ कडा नसते. पिवळेपणा शिरांची पर्वा करत नाही, शिरेवरूनही जातो. सुरुवात शेंड्याकडच्या कोवळ्या त्रिदलापासून होते. शेतात झाडं विखुरलेली असतात: इथं एक, दहा पावलांवर दुसरं, आणि मध्ये सगळी चांगली.

लोहाच्या कमतरतेत शिरा हिरव्या राहतात आणि शिरांमधला भाग फिका पिवळा, पुढं जवळजवळ पांढरा पडतो. हेही शेंड्याच्या पानावरच येतं, म्हणून घोटाळा होतो. पण इथं झाडं विखुरलेली नसतात, पट्टाच्या पट्टा पिवळा होतो. चुनखडीची जमीन, चिबड कोपरा किंवा आठवडाभर लागून राहिलेला पाऊस यांपैकी एक कारण बहुधा तिथंच सापडतं. खात्री करायची असेल तर पिवळ्या पट्ट्यातल्या दहा-बारा तासांवर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड मिसळून फवारा. त्यात दुसरं काहीही घालू नका. पाच-सात दिवसांत नवीन पानं हिरवी निघाली तर विषाणूचा संबंध नाही. मोझॅकचं पान कुठल्याही फवारणीनं परत हिरवं होत नाही.

तिसरं कारण खोड पोखरणाऱ्या किडी. खोडमाशी ओळखायला झाड उपटून खोड उभं चिरावं लागतं. आतला गाभा लालसर तपकिरी, नागमोडी पोखरलेला दिसतो आणि कधी कधी अळी किंवा कोषही सापडतो. बाहेरून फक्त पानं निस्तेज वाटतात. चक्रीभुंग्यात देठावर किंवा खोडावर दोन समांतर खाचा असतात आणि त्यांच्या वरचा भाग सुकतो.

चौथं कारण मुळकूज-खोडकूज, म्हणजे चारकोल रॉट. हा शेंगा भरताना, ऊन तापल्यावर आणि पावसानं दडी मारल्यावर दिसतो. पानं पिवळी होऊन झाडावरच वाळून लोंबतात, गळत नाहीत. बुडख्याची साल नखानं खरवडा. खाली कोळशाची पूड भुरभुरल्यासारखे बारीक काळे ठिपके असले तर हाच रोग. सोटमूळ चिरलं तर आतून राखाडी दिसतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये विदर्भात सोयाबीन एकदम पिवळं पडलं तेव्हा मोझॅक, चारकोल रॉट आणि रायझोक्टोनिया बुरशीचा करपा हे तिन्ही आले होते. अशा वर्षी वरून एकसारख्या दिसणाऱ्या रानात प्रत्येक कोपऱ्यात वेगळं कारण असू शकतं. एकाच ठिकाणचं झाड उपटून निर्णय घेतला की फसगत होते. शेताच्या पाच ठिकाणी, बांधापासून किमान पाच मीटर आत, सलग २० झाडं तपासा. १०० झाडांपैकी किती कुठल्या कारणानं आजारी ते कागदावर लिहा. हा कागद पुढे वाण ठरवताना लागणार आहे.

पिशवीवरच्या शब्दाचा नेमका अर्थ

“प्रतिकारक”, “मध्यम प्रतिकारक” आणि “सहनशील” हे तीन शब्द दुकानात एकाच भावानं विकले जातात. प्रत्यक्षात तिन्ही निराळे आहेत.

प्रतिकारक झाडात रोगकारकाची वाढच रोखली जाते. मध्यम प्रतिकारक झाडात वाढ होते, पण सावकाश. सहनशील झाडाला रोग लागतो, लक्षणंही दिसतात, फक्त शेंगा-दाणे त्या मानानं कमी जातात. मोझॅकच्या बाबतीत सहनशील वाणाची दुसरीही बाजू आहे. झाडात विषाणू असतो, त्यामुळे पांढरी माशी तिथून तो उचलून शेजारच्या शेतात नेते. म्हणजे तुमचा उतारा टिकला तरी शेजाऱ्याचा जाऊ शकतो. सहनशील वाणावर थोडी पिवळी झाडं दिसली तर बियाणं बोगस ठरत नाही.

हे शब्द कुठल्या रोगासाठी वापरलेत ते वाचणं आणखी महत्त्वाचं. मध्य प्रदेशात सीहोरच्या संशोधन केंद्रात तयार झालेला आणि १९९४ मध्ये प्रसारित झालेला जेएस ३३५ अजूनही आपल्याकडे आहे. तो जिवाणूजन्य पुरळाला प्रतिकारक आहे, पण पिवळा मोझॅक आणि तांबेरा (पानावरचा बुरशीजन्य रोग) या दोन्हींना बळी पडतो. “३३५ रोगाला दाद देत नाही” असं कोणी म्हणालं तर कुठल्या रोगाला, हे विचारलंच पाहिजे. परभणीच्या एमएयूएस १५८ ची ख्याती खोडमाशी सहन करण्याबद्दल आहे. ती कीड आहे, रोग नव्हे. सांगलीजवळच्या कसबे डिग्रज केंद्राचे वाण (केडीएस ३४४ फुले अग्रणी, केडीएस ७२६ फुले संगम) तांबेऱ्याच्या पट्ट्यात निवडले गेले, म्हणून त्यांची मुख्य ताकद तांबेऱ्याविरुद्ध आहे. मोझॅकच्या शिवारात फुले संगम पेरून “प्रतिकारक वाणाला मोझॅक आला” म्हणणं म्हणजे छत्री उन्हाला घेतली आणि चिखलात पाय भिजले म्हणून रडणं.

मोझॅक: जनुक, विषाणू आणि पांढरी माशी

मोझॅकचा विषाणू एकच नाही. उत्तर आणि मध्य भारतात मुख्यतः मुंगबीन यलो मोझॅक इंडिया व्हायरस, दक्षिणेकडे मुंगबीन यलो मोझॅक व्हायरस. महाराष्ट्र या दोन्हींच्या मध्ये येतो. एकाविरुद्ध चालणारं जनुक दुसऱ्याविरुद्ध चालेलच असं नाही. लुधियाना, पंतनगरकडचे वाण तिथं मोझॅकला दाद देत नाहीत, पण ते इथं आणून पेरण्याचा मोह टाळा. विषाणू वेगळा, शिवाय दिवसाची लांबी वेगळी. तिकडं पक्व व्हायला लागणारा काळ आणि फुलोऱ्याची वेळ इकडं जुळत नाही.

प्रतिकारशक्तीचे स्रोतही एकसारखे नाहीत. काही स्रोतांत ती एका अप्रभावी जनुकावर (दोन्ही पालकांकडून आलं तरच गुण दाखवणाऱ्या) अवलंबून असते, काहींत प्रभावी जनुकावर (एकाकडून आलं तरी पुरणाऱ्या). पंतनगरला तर सोयाबीनच्या रानटी भाऊबंदाशी, ग्लायसीन सोजाशी, संकर करून ती आणली गेली. रानटी वनस्पतीकडून जनुक घेताना त्याच्या शेजारचे नको ते गुणही बरोबर येतात: बारीक काळपट दाणे, वेलीसारखी वाढ, शेंगा फुटणं. हे झटकून टाकायला चांगल्या वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करावे लागतात. हे काम अर्धवट राहिलेला वाण रोगमुक्त वर्षात मागं पडतो. मथळ्याखालच्या दुसऱ्या तक्रारीचं एक कारण इथं आहे.

जबलपूरच्या विद्यापीठाचा जेएस ९७-५२ मोझॅकला टिकणारा म्हणून ओळखला गेला, नंतरचा जेएस २०-३४ लवकर येणारा आणि मोझॅकला बऱ्यापैकी दाद न देणारा. त्याच घराण्यातला जेएस ९५-६० मात्र मोझॅकमध्ये पार झोपतो. नावाची सुरुवात “जेएस” आहे म्हणून गुण सारखे असतात असं नाही.

आता माशीकडे या. पांढरी माशी आजारी झाडाचा रस शोषते, विषाणू तिच्या शरीरात फिरतो आणि पुढं बराच काळ ती तो पसरवत राहते. चांगल्या झाडात विषाणू सोडायला तिला थोडाच वेळ पुरतो. कीटकनाशकानं ती मरेपर्यंत झाडाला लागण होऊन गेलेली असते. म्हणूनच दाट प्रादुर्भावात नुसत्या फवारण्यांवर मोझॅक अडत नाही. वाणाचं जनुक आणि माशीचं नियंत्रण एकत्र असेल तरच जनुक टिकतं. मध्यम प्रतिकारक वाणावर माशी बेसुमार झाली तर तो वाण हरतो, कारण लागण पुन्हा पुन्हा आणि लहान वयात होते.

काय करायचं, क्रमानं:

१. बीजप्रक्रिया. आधी बुरशीनाशक (कार्बोक्सिन ३७.५ टक्के + थायरम ३७.५ टक्के, ३ ग्रॅम प्रति किलो), मग थायोमिथोक्झाम ३० एफएस १० मिली प्रति किलो, शेवटी पेरणीच्या तोंडावर रायझोबियम आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) प्रत्येकी २५० ग्रॅम प्रति १० किलो. क्रम उलटला तर जिवाणू मरतात. सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. कीटकनाशकाचं संरक्षण साधारण पहिल्या तीन-चार आठवड्यांपुरतं असतं, पण नेमका तोच काळ महागाचा आहे.

२. पेरणीनंतर १५ दिवसांत एकरी १० ते १५ पिवळे चिकट सापळे, पिकाच्या शेंड्याच्या थोडे वर. पीक वाढेल तसे उचलत जा. पानाखाली गेलेला सापळा काही पकडत नाही.

३. आजारी झाड दिसलं की उपटायचं, पण आधी माशीवर फवारा. न फवारता झाड हलवलं की माशा उडून शेजारच्या झाडांवर बसतात आणि रोग तुम्हीच पसरवता. सकाळी, माशा सुस्त असताना, हळूच पिशवीत घालून उपटा आणि पुरून टाका. बांधावर फेकलेलं झाड दोन दिवस हिरवं राहतं, म्हणजे माशीला चालतं. झाडं पाच टक्क्यांवर गेली, फुलोरा सुरू झाला, की उपटण्यात अर्थ उरत नाही.

४. फवारणीसाठी ॲसिटामिप्रिड २५ टक्के + बायफेन्थ्रिन २५ टक्के डब्ल्यूजी एकरी १०० ग्रॅम, किंवा थायोमिथोक्झाम १२.६ टक्के + लॅम्बडा सायहॅलोथ्रिन ९.५ टक्के झेडसी एकरी ५० मिली, २०० लिटर पाण्यातून. फवारा पानाच्या खालच्या बाजूला लागला पाहिजे. नुसतं सिंथेटिक पायरेथ्रॉइड पुन्हा पुन्हा मारलं तर मित्रकीटक मरतात आणि माशी उलट वाढते.

५. उभ्या पिकात युरियाचा हात आवरा. कोवळी, गडद हिरवी, लुसलुशीत पालवी माशीला आवडते.

उन्हाळी सोयाबीनबद्दल थोडं स्पष्ट बोललं पाहिजे. बियाण्यासाठी गेली काही वर्षं उन्हाळ्यात सोयाबीन घेतलं जातंय, उन्हाळी मूग-उडीदही असतो. या पिकांमुळे माशी आणि विषाणू दोन्हींना खरीप येईपर्यंत जिवंत राहायला पूल मिळतो. ज्या शिवारात उन्हाळी सोयाबीन भरपूर, तिथं जूनच्या पेरणीला पहिल्या दिवसापासून दाब जास्त. तांबेऱ्याच्या बुरशीचंही तसंच, तिला जगायला हिरवं पानच लागतं. ब्राझीलमध्ये याच कारणासाठी दोन-तीन महिने शेतात सोयाबीनचं एकही जिवंत झाड ठेवायचं नाही असा सक्तीचा नियम आहे. आपल्याकडे नियम नाही, त्यामुळे हे गावानं आपापसात ठरवण्याजोगं आहे.

तांबेरा: ठिपक्याचा रंग बघा

तांबेरा मुख्यतः कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या खोऱ्यात आणि त्याला लागून असलेल्या उत्तर कर्नाटकात येतो. सीमेपलीकडचं उगार खुर्द तर वाणांची तांबेऱ्याची परीक्षा घेण्याचंच ठिकाण आहे. १९९४ मध्ये तो मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि कर्नाटकात मोठ्या प्रमाणावर आला होता. थंड, ढगाळ हवा आणि पानं तासन्‌तास ओली राहणं त्याला मानवतं.

प्रतिकारशक्ती उघड्या डोळ्यांनी दिसते असा हा एक रोग आहे. खालच्या पानाची मागची बाजू भिंगातून बघा. ठिपका फिका तपकिरी असेल, त्यावर बारीक फोड उठले असतील आणि पांढऱ्या रुमालावर पान घासल्यावर विटकरी भुकटी निघाली, तर बुरशी मनसोक्त वाढते आहे. झाडात त्या बुरशीविरुद्ध चालणारं जनुक नाही. ठिपका गडद लालसर तपकिरी, कोरडा, फोड थोडे किंवा नाहीतच आणि रुमाल जवळपास स्वच्छ, तर जनुक काम करतंय. झाडानं बुरशीभोवतीच्या स्वतःच्याच पेशी मारून तिला कोंडलं आहे. ठिपके दिसले की वाण पडला असं ओरडायचं कारण नाही, आधी ठिपक्याचा रंग बघा.

या जनुकांना आरपीपी १, २, ३ अशी नावं आहेत, आतापर्यंत सात ठिकाणं नोंदली गेलीत. आरपीपी ३ चा स्रोत तर अंकुर नावाचा भारतीय वाणच आहे. कुठलंही एक आरपीपी जनुक सगळ्या बुरशीला पुरत नाही. बुरशीच्या वेगवेगळ्या जाती असतात, त्यातली एखादी ते जनुक ओलांडून जाते आणि पुढच्या हंगामात तिचीच पिलावळ शेतभर. धारवाडच्या डीएसबी २१ वाणात आणि फुले अग्रणीमध्ये ईसी क्रमांकाच्या परदेशी स्रोतांशी ३३५ चा संकर आहे. यांच्यावरही फिक्या तपकिरी, भुकटी सोडणाऱ्या ठिपक्यांचं प्रमाण दरवर्षी वाढत असेल तर ते गंभीरपणे घ्या आणि नमुना कृषी विज्ञान केंद्रात द्या. नमुना कोरड्या टीपकागदात गुंडाळून न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम सुटतो आणि पान कुजतं.

मध्यम प्रतिकारक वाणावर फवारणी लागतच नाही असं नाही. पहिले फोड दिसताच हेक्झाकोनॅझोल ५ ईसी किंवा प्रोपिकोनॅझोल २५ ईसी, १० लिटरला १० मिली. फरक एवढाच की ३३५ वर दोन-तीनदा फवारावं लागतं तिथं अशा वाणावर बऱ्याचदा एकदाच पुरतं.

चारकोल रॉटवर वाण शोधत बसू नका

मराठवाडा-विदर्भातल्या हलक्या रानाची ही मोठी डोकेदुखी आहे आणि इथं जनुकावर भिस्त ठेवता येत नाही. पूर्ण प्रतिकारशक्ती देणारं एखादं जनुक हाताशी नाही, वाणावाणांत थोडा उन्नीस-बीसचा फरक आहे. बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते आणि तिला शेकडो प्रकारची झाडं चालतात.

एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. हरभऱ्याची कोरडी मूळकूज करणारी बुरशी आणि सोयाबीनचा चारकोल रॉट करणारी बुरशी एकच. ज्वारीच्या ताटाचा खडखड्याही तिचाच. म्हणजे खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा, ही आपली सगळ्यात आवडती जोडी, तिला बारमाही जेवण घालते. ज्या पट्ट्यात हरभराही वाळतो आणि सोयाबीनही, तिथं वाण बदलून काही होणार नाही. रुंद वरंबा सरीवर पेरणी करून ओल टिकवणं, दाट पेरणी टाळणं, शेंगा भरताना शक्य असेल तर एक संरक्षित पाणी आणि बियाण्याला ट्रायकोडर्मा ८ ते १० ग्रॅम प्रति किलो, हेच उपाय. ट्रायकोडर्मा वापरणार असाल तर त्याच बियाण्याला रासायनिक बुरशीनाशक नको.

दुसऱ्या तक्रारीचं उत्तरही बऱ्याचदा इथं सापडतं. फुले संगमला पक्व व्हायला १०५ ते ११० दिवस लागतात, जेएस ३३५ ला ९५ ते १००, जेएस ९३-०५ ला ९० ते ९५. कोल्हापूरच्या काळ्या रानात ते जास्तीचे दहा दिवस टपोरे दाणे भरायला मिळतात. लातूरच्या मुरमाड माळावर सप्टेंबरात पाऊस उघडला तर त्याच दहा दिवसांत झाड तहानेनं आणि चारकोल रॉटनं बसतं. तांबेऱ्याचं जनुक तिथं बसून राहतं, तांबेरा येतच नाही आणि जास्तीच्या दिवसांची किंमत मात्र मोजावी लागते. भारी जमीन किंवा हाताशी पाणी असेल तर हिशेब वेगळा, तिथं लांब मुदतीचा वाण पुष्कळदा पुढंच जातो.

बियाणं खरंच त्याच वाणाचं आहे का?

सोयाबीन स्वपरागी आहे, परपराग एक टक्क्याच्याही आत. त्यामुळे प्रमाणित बियाणं घेतलं की घरचं बियाणं तीन वर्षं सहज चालतं, जनुक असं “उडून” जात नाही. वाण बिघडला असं वाटतं तेव्हा जवळजवळ नेहमी भेसळ झालेली असते, आणि ती मळणीयंत्रात होते. भाड्यानं फिरणारं यंत्र सकाळी शेजाऱ्याचं सोयाबीन काढून येतं. ड्रमच्या तळाशी, चाळणीखाली आणि पंख्याच्या पेटीत दोन-तीन किलो दाणा सहज अडकलेला असतो. तो तुमच्या पहिल्या पोत्यात उतरतो. ते पहिलं पोतं बाजारात विका, बियाण्याला ठेवू नका. यंत्र आधी पाच मिनिटं रिकामं चालवा, चाळण्या काढून झटका. पेरणीयंत्राची पेटी आणि नळ्यांनाही तोच नियम.

भेसळ उभ्या पिकातच पकडता येते. फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना चार गोष्टी बघा: फुलाचा रंग जांभळा की पांढरा, पान रुंद की निमुळतं, खोडावर-शेंगेवर लव आहे की गुळगुळीत, आणि दाण्याच्या डोळ्याचा रंग. ३३५ ची फुलं जांभळी, शेंगा बिनलवेच्या. ९३-०५ ची पानं निमुळती आणि शेंगेत चार दाणे पुष्कळदा.

आता आधीचा कागद काढा आणि आजारी झाडांचे हे गुण चांगल्या झाडांशी ताडून बघा. ढोबळ आडाखा असा:

आजारी झाडं १०० त ५ ते १० आणि त्यांची फुलं किंवा लव वेगळी, तर भेसळ. जनुक शाबूत आहे, बियाणं बदला.

आजारी झाडं सगळ्यांसारखीच दिसतात, ठिगळं सौम्य, शेंगा बऱ्या, तर वाण सहनशील आहे आणि आपलं काम करतोय.

अर्ध्याहून जास्त झाडं आजारी, दिसायला एकसारखी, शेंगा नाहीतच, तर एक तर संपूर्ण बियाणंच दुसरं आहे किंवा तुमच्या भागातल्या विषाणूपुढं ते जनुक चालत नाही. दोन्हीत तो वाण पुन्हा पेरू नका.

पिशवी, टॅग आणि पावती पेरल्यावर फेकू नका. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा, पायाभूतचा पांढरा, सत्यप्रत बियाण्याला प्रमाणीकरण यंत्रणेची तपासणी नसते. पिशवीतलं अर्धा किलो बियाणं बाजूला ठेवा. तक्रार करायची तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे पीक उभं असतानाच करावी लागते. काढणीनंतर पंचनामा कशाचा करणार?

नुकसान मोजा, अंदाज नको

काढणीआधी दहा आजारी आणि दहा चांगली झाडं उपटा. प्रत्येकी शेंगा, दाणे आणि १०० दाण्यांचं वजन घ्या. समजा एकरात १ लाख २० हजार झाडं आहेत. चांगल्या झाडाला ३० शेंगा, शेंगेत सरासरी २.३ दाणे, १०० दाण्यांचं वजन ११ ग्रॅम: झाडामागं ७.६ ग्रॅम, एकरी सुमारे ९ क्विंटल. लवकर मोझॅक लागलेल्या झाडाला १० शेंगा, १.९ दाणे, १०० दाणे ८ ग्रॅम: फक्त दीड ग्रॅम. अशी झाडं २० टक्के असली तर २४ हजार झाडांमागं प्रत्येकी ६ ग्रॅम, म्हणजे जवळपास दीड क्विंटल गेलं. आकडे उदाहरणादाखल आहेत, तिथं तुमचे घाला. ३० दिवसांच्या आत लागण झाली तर शेंगाच कमी लागतात. दोन महिन्यांनी झाली तर शेंगा तेवढ्याच राहतात आणि फक्त दाणा बारीक होतो. विखुरलेली झाडं लवकर बसली तर शेजारची झाडं फांद्या काढून थोडी भरपाई करतात, म्हणून प्रत्यक्ष घट या हिशेबापेक्षा जरा कमी भरते.

पुढच्या हंगामात शेतातच परीक्षा

दोन वेगळ्या शेतांतले दोन वाण ताडून काहीच कळत नाही. एकाच रानात, दोन्हीची पेरणी एकाच दिवशी, खत तेच. प्रत्येक वाणाचे सहा तास, २० मीटर लांब, आलटून पालटून तीनदा. त्यात एक तुमचा नेहमीचा वाण असलाच पाहिजे, रोगाला बळी पडणारा असला तर उत्तमच. तो आजारी पडला नाही तर त्या वर्षी रोगाचा दाबच नव्हता आणि “प्रतिकारक” वाणाच्या हिरवेपणावरून काहीही सिद्ध होत नाही.

बियाण्याचं प्रमाण दाण्याच्या आकारावरून ठरवा. ४५ बाय ५ सेंटीमीटरला एकरी साधारण १ लाख ८० हजार दाणे पडतात. टपोऱ्या दाण्याच्या वाणाला तेवढ्याच झाडांसाठी जास्त किलो लागतात. दोन्हीला सरसकट ३० किलो टाकलं तर विरळ-दाटपणाचा फरक वाणाच्या नावावर जातो. उगवणही गोणपाटावर १०० दाणे गुंडाळून आधी तपासा. ७० च्या खाली असेल तर ते बियाणं परीक्षेत घेऊ नका.

काढणीला कडेचा एक-एक तास सोडा. मधल्या चार तासांची ५ मीटर ५५ सेंटीमीटर लांबी कापली की बरोबर १० चौरस मीटर होतात. तेवढ्याचं वाळलेलं धान्य किलोत मोजून ४.०५ नं गुणलं की एकरी क्विंटल मिळतं. तीनही पट्ट्यांची सरासरी घ्या. एकाच वाणाच्या तीन पट्ट्यांत जेवढा फरक आहे, त्याहून दोन वाणांतला फरक मोठा नसेल तर दोन्ही सारखे समजा आणि आणखी एक वर्ष थांबा. दोन्हींचा ओलावा सारखा झाल्यावरच वजन करा. उशिरा येणारा वाण ओला असतो आणि काट्यावर उगाच भारी भरतो.

या पट्ट्यांतलं बियाणं पुढं ठेवायचं असेल तर मळणीयंत्राचे फेरे मिनिटाला ३५० ते ४०० वर ठेवा. सोयाबीनचं टरफल पातळ, आतला अंकुर टरफलालगतच असतो. वेगानं मळलेलं बियाणं दिसायला चांगलं आणि उगवायला निम्मं निघतं.